भिंत बघून गिलावा

वेरूळच्या घृष्णेश्वराच्या नावाविषयी गावात एक गोष्ट सांगतात. पार्वतीमाता भांगात भरायला कुंकू आणि केशर शिवालय तीर्थाच्या पाण्यात कालवत होती. डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटानं घोटता घोटता त्याचंच शिवलिंग झालं. कुंकवातून झाला म्हणून कुंकुमेश्वर, आणि घर्षणातून झाला म्हणून घृष्णेश्वर. (घुष्मा नावाच्या भक्त बाईची दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण मला ही पहिली आवडते.) कुठल्याही बाईनं सकाळी आरशासमोर करावं तेवढंच काम, तळहातावर काहीतरी घोटायचं आणि लावायचं, आणि त्यातून थेट ज्योतिर्लिंग!

आजोळ वेरूळचं असल्यामुळे माझं या गोष्टीशी लहानपणापासूनचं नातं आहे. पण आज ती आठवायचं कारण वेगळंच आहे. आमच्या भाच्या-पुतण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच प्रश्न फिरतोय : "मावशी, तोंडाला कोणतं मॉइश्चरायझर लावू?" एकीनं कोरियन काहीतरी मागवलंय, दुसरी कोरफडीचा गर चोपडतेय, तिसरी म्हणते खोबरेल तेलासारखं काही नाही. मी काही डॉक्टर नाही. पण इतिहासाची आवड आहे, आणि हा प्रश्न जितका नवा वाटतो तितका नवा मुळीच नाही. वेरूळच्या पंचक्रोशीतच त्याची उत्तरं हजार-बाराशे वर्षं शोधली गेली आहेत. तेव्हा ग्रुपवर चार ओळी टाकण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. ज्यांना फक्त क्रीमचं नाव हवंय त्यांनी शेवटचे परिच्छेद वाचावेत (नाव तिथेही मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते :-)).

सुरुवात वाग्भटापासून करू. त्याचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला मानतात, म्हणजे कृष्ण राजानं कैलास लेणं कोरायला घेण्याच्याही आधीचा. त्यात सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मुखालेप, म्हणजे तोंडाला लावायचा लेप, हा एक स्वतंत्र विषय आहे. लेपाचे तीन प्रकार सांगितलेत : दोष घालवणारा, विष उतरवणारा आणि वर्ण सुधारणारा. जाडीसुद्धा मोजून दिली आहे : पाव बोट, बोटाचा तिसरा हिस्सा आणि अर्धं बोट. वात-कफ असेल तर लेप कोमट हवा, बाकीच्यांना अगदी थंड. आणि मग सगळ्यात महत्त्वाची सूचना : लेप अंगावर वाळू द्यायचा नाही. वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओला करून काढायचा, आणि काढल्यावर तेल लावायचं.

आजकाल मुलतानी माती फासून ती तडकेपर्यंत बसणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. वाळती माती त्वचेतलं पाणी ओढून घेते, हे वाग्भटानं आपल्या भाषेत कधीच लिहून ठेवलंय. (लेप लावून दिवसा झोपू नये, बोलू नये, उन्हात बसू नये, शोक आणि राग करू नये, असंही तो म्हणतो. आमच्या घरात बोलू नये हे एवढं पथ्य पाळलं जाणं अवघड आहे.)

पण मला खरं थक्क करतं ते पुढचं. वाग्भट सहा ऋतूंचे सहा वेगळे लेप देतो. थंडीतल्या लेपांत मोहरी आणि तीळ, म्हणजे तेलकट, उष्ण गोष्टी आहेत. उन्हाळ्यातल्या लेपात कमळाचे प्रकार, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. माणूस तोच, चेहरा तोच, पण हवा बदलली की लेप बदलायचा. एकच बाटली बारा महिने चालवायची ही आपली सवय त्याला पटली नसती.

आता हे सगळं वेरूळशी कुठे जोडलं जातं? तर वेरूळहून दौलताबादचा किल्ला बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. तीच यादवांची देवगिरी. तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांच्या पदरी हेमाद्री पंडित होता, आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो तो. त्याचं नाव काढलं की आपल्याला चुन्याविना बांधलेली देवळं आठवतात, फार तर मोडी लिपी. पण याच हेमाद्रीनं वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. राज्याचा कारभार पाहणारा माणूस आमच्या डोंगराच्या पलीकडे बसून वैद्यकाच्या ग्रंथाचा अर्थ लावत होता! शाळेत हेमाडपंती देवळांवर पाच मार्कांची टीप लिहिली, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच्याही शे-दीडशे वर्षं आधी, ११३०च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या स्नानाचं, अंगाला लावायच्या सुगंधी तेलांचं नि उटण्यांचं वर्णन आहे. अर्थात ते राजाचं स्नान. बाकीच्यांचं काय, याची नोंद ठेवायला कुणी बसलं नव्हतं. ती नोंद आपल्या घराघरांत आहे.

आमच्या आजीच्या घरात, उदाहरणार्थ. वेरूळची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते : मुंबईसारखी ती दमट नसते, कोरडी खणखणीत असते. पावसाळ्यात येळगंगेला पाणी असतं, २९ नंबरच्या लेण्याशेजारचा धबधबा कोसळत असतो (त्या लेण्याला लोक 'सीतेची न्हाणी' म्हणतात), सगळं हिरवंगार. पण दिवाळी उलटली की हवेतलं पाणी निघून जातं. ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, लहान पोरांचे गाल फुटून भुरकट दिसायला लागतात. आंघोळ झाल्यावर तोंड तडतडतं. आजी आम्हा पोरांना ओळीनं बसवायची. आंघोळीनंतर अंग नीट पुसलंही नसेल तोवर हातापायांना तिळाचं नाहीतर करडईचं तेल, गालांना दुधाची साय, ओठांना तूप. सायीचं तोंड दहा मिनिटांनी धुवायचं आणि वर तुपाचा नुसता हात फिरवायचा. मोठ्या मामेभावाला मात्र तोंडावर तेल-तूप काहीही लावायला बंदी होती. त्याला मुरमं होती. "याच्या तोंडाला देवानंच तेल दिलंय," असं म्हणून ती त्याला मसुराच्या पिठानं तोंड धुवायला पाठवायची. कोकणातली एक शेजारीण कोकमाच्या बियांचं घट्ट तेल घेऊन यायची, ते टाचांना.

बघा, एका ओसरीवर बसून आजीनं चार कातड्यांसाठी चार वेगळे उपाय निवडले होते. याला ती काही शास्त्र म्हणत नव्हती. दरवर्षी पावसाळ्याआधी घराच्या मातीच्या भिंती लिंपताना ती जे म्हणायची तेच इथेही म्हणायची : "भिंत बघून गिलावा." पश्चिमेची पाऊस खाणारी भिंत असेल तर गाऱ्यात भुसा जास्त, आतली असेल तर कमी.

गिलाव्यावरून आठवलं. कैलास लेण्याला पूर्वी 'रंगमहाल' म्हणत. आज आपण काळाकभिन्न दगड पाहतो, पण एके काळी त्यावर गिलावा होता, रंग होता; अजून काही ठिकाणी पांढरा गिलावा दिसतो आणि छतावर रंगांचे थर दिसतात. २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरातत्त्व खात्यातले शास्त्रज्ञ राजदेव सिंग आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मि. म. सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथल्या चित्रांचं किडींनी बरंच नुकसान केलं आहे. वेरूळच्या गिलाव्याला किडीचा तसा त्रास झाला नाही, त्याचं श्रेय त्यांनी या तंतूंना दिलं. हे तंतू ओलावा सांभाळायलाही मदत करतात. म्हणजे वेरूळच्या कारागिरांनीही भिंत बघूनच गिलावा केला होता. आजीला हे सांगायला ती नव्हती, नाहीतर ती म्हणाली असती, "मग, त्यात काय विशेष!"

आता जरा लांबचा फेरफटका मारू. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा ग्रीक वैद्य होता. त्यानं मधमाशीचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून एक मलम केलं. हेच जगातल्या कोल्ड क्रीमचं मूळ मानतात. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी, की कोल्ड क्रीम म्हणजे थंडीत लावायचं क्रीम. तसं नाही. त्यातलं पाणी उडून जाताना त्वचेला गारवा लागतो म्हणून ते 'कोल्ड'. पण आपली चुकीची समजूत उपयोगी आहे, कारण ते खरंच थंडीत लावायचं क्रीम आहे!

आपल्याकडे याच जातीचं एक औषध होतं : शतधौत घृत. चरकानं दाहावर आणि विसर्पावर ते सांगितलंय. तांब्याच्या भांड्यात साजूक तूप पाण्यानं शंभर वेळा धुवायचं, घोटायचं. तुपाचा वास जातो, दाणा जातो, रंग पांढरा होतो आणि लोण्यासारखं हलकं मलम हाती येतं. तेलात पाणी धरून ठेवायची ही युक्ती आहे. रोममध्ये मेणानं जे साधलं ते इथे घोटण्यानं साधलं. पुन्हा तेच, घर्षण!

पुढचे टप्पे पटापट सांगते, कारण ते प्रत्येक बाटलीच्या मागे अजून छापलेले असतात. १७७९ साली शेले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाला ऑलिव्हच्या तेलापासून एक गोड, चिकट द्रव मिळाला. तेच आपलं ग्लिसरीन. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यानं व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. खनिज तेलाच्या विहिरींवर साचणारा मेणचट गाळ कामगार जखमांना लावतात हे त्यानं पाहिलं होतं. १८८२ मध्ये जर्मनीत मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून लॅनोलिन तयार झालं. त्याच लोकरीच्या चरबीतल्या एका घटकाच्या आधारानं तेल आणि पाणी कायमचं एकत्र बांधता आलं, आणि १९११ साली हॅम्बुर्गमध्ये निव्हिया आलं. निव्हिया म्हणजे लॅटिनमध्ये हिमासारखी पांढरी.

हिमाचं वेड तेव्हा सगळ्यांनाच लागलं होतं. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीचं 'हेझलीन स्नो' आपल्याकडच्या शिकलेल्या घरांत पोचलं. १९१९ साली मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' काढलं, आणि ते इतकं गाजलं की 'स्नो' हा मराठीतला शब्दच झाला. "स्नो-पावडर करून बसलीय" असं आमची आत्या अजून म्हणते. १९२९ मध्ये कलकत्त्याला गौरमोहन दत्तांनी बोरोलीन आणलं. १९५२ साली टाटांचं लॅक्मे सुरू झालं, आणि त्याच वर्षी केशव विष्णु पेंढरकरांनी विको काढलं. १९७५ मध्ये हळद आणि चंदनाच्या तेलाचं विको टर्मरिक आलं आणि त्यावर एक मजेदार खटला झाला : हे औषध की सौंदर्यप्रसाधन? अबकारी कराचा दर त्यावर ठरणार होता. वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं, म्हणजे औषध म्हणून, निकाल दिला. पुण्याचं कैलास जीवनही याच रांगेतलं, खोबरेल तेल आणि कापराचं. (लहानपणी मला वाटायचं ते आमच्या कैलास लेण्यात तयार होतं.)

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्नो हे 'व्हॅनिशिंग क्रीम'. त्यात मुख्यतः पाणी आणि स्टिअरिक ॲसिड नावाचं मेणासारखं आम्ल असतं, तेल अगदी थोडं. लावलं की दिसेनासं होतं, तोंड चमकत नाही, वर पावडर बसते. मुंबईच्या घामट हवेत ते छानच. पण तीच बाटली मनमाडहून रेल्वेनं औरंगाबादला आणि तिथून वेरूळला आली, की डिसेंबरातल्या वाऱ्यापुढे ती काय टिकणार! आईकडे स्नोची बाटली होती. ती लग्नकार्याला जाताना स्नो लावायची आणि रात्री झोपताना मुकाट्यानं आजीच्या तुपाच्या वाटीत बोट घालायची. जाहिरात मुंबईच्या हवेची आणि गाल वेरूळच्या हवेतले, हे तिला न सांगता कळलं होतं.

कातडीला नेमकं हवं काय असतं, हे कळायला मात्र १९५२ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत आयर्विन ब्लँक नावाच्या शास्त्रज्ञानं अगदी साधा प्रयोग केला. पायाच्या घट्ट्याचे वाळके, कडक तुकडे घेतले. काही तेलात बुडवून ठेवले. ते तसेच कडक राहिले. काही पाण्यात ठेवले. ते मऊ झाले. म्हणजे कातडी मऊ ठेवतं ते पाणी. तेलाचं काम ते पाणी उडू न देण्याचं. पुढे १९८०च्या दशकात पीटर इलायस यांनी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली : मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध द्रव्यं म्हणजे गारा. गारा निघाला की भिंत गळते, आतलं पाणी बाहेर आणि बाहेरची घाण आत. हे वाचलं त्या दिवशी मला आजीची फार आठवण आली.

म्हणजे आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावायची तिची घाई बरोबर होती. वाळल्यावर लावलेलं तेल कोरडेपणावर झाकण घालतं, ओलसर अंगावर लावलेलं तेल ओलाव्यावर.

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. पण या इतिहासाची एक दुसरी बाजू आहे आणि खरं म्हणजे त्यासाठीच मी लिहायला बसले.

क्रीम हे ओलाव्यासाठी असतं ही गोष्ट आपण मधल्या काळात विसरलो. स्नो म्हणजे बर्फ, बर्फ म्हणजे पांढरं, आणि पांढरं म्हणजे गोरं. वाग्भटाच्या यादीतही वर्ण सुधारणारा लेप होताच, तेव्हा हे खूळ इंग्रजांनी आणलं असंही म्हणता येत नाही. पण १९७५ साली फेअर अँड लव्हली बाजारात आलं आणि दुकानातलं तोंडाला लावायचं क्रीम म्हणजे गोरं करायचं क्रीम असं समीकरण घट्ट झालं. २०२० साली त्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. नाव बदललं, पण आपल्या घरातल्या बायकांच्या मनातलं काय?

आमच्या नात्यातली एक पोर. कोरडी, पातळ कातडी, थंडीत गाल फुटायचे, एवढीच तक्रार. लग्नाचं पाहायला लागले तशी कुणीतरी एका दुकानातून एक ट्यूब आणून दिली. पंधरा दिवसांत गाल मऊ आणि उजळ! घरात कौतुक झालं, मग दोघींनी-तिघींनी तीच मागवली. पाच-सहा महिन्यांनी तिचे गाल लाल झाले, बारीक शिरा दिसायला लागल्या, पुरळ आलं, तोंडावर लव वाढली. एक दिवस ट्यूब लावली नाही तर आग आग व्हायची. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं : स्टेरॉईड. गजकर्ण-नायट्यासाठी नाही, गालांसाठी तर मुळीच नाही, आणि चिठ्ठीशिवाय विकायचंही नाही. ती बरी झाली, पण वर्ष गेलं. त्या वर्षात ती कुठल्या कार्याला आली नाही, फोटोत उभी राहिली नाही. मुलीला 'दाखवायची' म्हणून आणलेल्या ट्यूबनं मुलगी तोंड लपवायला लागली.

ही एकटीदुकटीची गोष्ट नाही. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ या स्टेरॉईडनं बिघडलेल्या चेहऱ्यांविषयी वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉईडची चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आणि त्याहून भयंकर पारा. २०२३च्या सुरुवातीला आपल्या अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची बातमी आली होती : तिघींची मूत्रपिंडं एकाच सुमारास बिघडली, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण असलीच क्रीमं लावत होते. गालावर लावलेलं मूत्रपिंडात उतरतं. आजीची वाटी निदान खाता येत होती!

तेव्हा पोरींनो, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आधी भिंत बघा. साध्या, सौम्य साबणानं नाहीतर फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून घ्या आणि अर्धा-पाऊण तास काहीही लावू नका. तोंड ओढल्यासारखं वाटलं, तडतडलं, तर कातडी कोरडी. सगळीकडे चमक आली तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चमकतेय आणि गाल ओढलेत, तर मिश्र. झोंबलं, लाल झालं तर नाजूक. आणि हे वयानं, ऋतूनं, गावानं बदलतं. वयात येईपर्यंत चेहऱ्यावर तेल कमीच असतं, विशीत ते उतू जातं, पाळी गेल्यावर पुन्हा आटतं. सासूबाईंचं क्रीम सुनेला चाललंच पाहिजे असं नाही, मग नातं कितीही चांगलं असो.

मग गिलावा बघा. बाटलीत तीनच जातीच्या कामाच्या वस्तू असतात. पाणी धरून ठेवणाऱ्या : ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, युरिया. फटी भरून मऊ करणाऱ्या : सिरॅमाइड, वनस्पतींची तेलं, कोकमाचं तेल. आणि वर झाकण घालणाऱ्या : व्हॅसलीन, मेण, लॅनोलिन, तूप. तेलकट कातडीला पहिल्या जातीचं पातळ जेल किंवा लोशन पुरतं; डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं बघावं, म्हणजे छिद्रं बुजून मुरमं येण्याची शक्यता कमी. तेलकट आहे म्हणून काहीच लावायचं नाही, असं मात्र करू नका. कोरड्या कातडीला तिन्ही जाती असलेलं घट्ट क्रीम, तेही तोंड धुतल्यावर दोन-तीन मिनिटांत, ओलसर असताना. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत चोपडू नका, पाणी मिसळून लावा आणि वर थोडं स्निग्ध लावा. मिश्र कातडीला गालांवर एक आणि कपाळावर दुसरं लावायला कुणी बंदी केलेली नाही. नाजूक कातडीला वास नसलेलं, घटकांची यादी छोटी असलेलं. घरची हळद, लिंबू, दालचिनीही झोंबू शकते. 'नैसर्गिक' म्हणजे सौम्य नव्हे, खाजकुयलीही नैसर्गिकच असते.

तेलांच्या बाबतीत एक गंमत. २०१३ साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑलिव्हचं तेल त्वचेचा तो गारा सैल करतं आणि सूर्यफुलाचं तसं करत नाही असं दिसलं. परदेशातून आलेली महागडी बाटली हरली आणि आमच्या मराठवाड्याच्या शेतातलं फूल जिंकलं! खोबरेल कोरड्या अंगाला उत्तम, पण मुरमं येणाऱ्या तोंडाला नको.

नवं काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा, मग गालांना. पावसाळ्यात पातळ, थंडीत घट्ट. वाग्भटाचे सहा नको, निदान दोन तरी ठेवा. वेरूळच्या उन्हात हिंडायचं तर वर सनस्क्रीन. आणि ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल, किंवा घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता काहीच नसेल, तर ती तोंडाला लावू नका. आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांत चेहरा उजळवणारं क्रीम नेमकं कशामुळे उजळवतंय, हे विचारायची सवय लावून घ्या.

किंमत? व्हॅसलीन आणि साधं ग्लिसरीन अजूनही स्वस्तात मिळतं, आणि कोरड्या कातडीचं निम्मं काम त्यातच होतं. बाकीचे पैसे बरेचदा डब्याचे आणि वासाचे.

आणि आत्या, मावश्या, काकू, तुम्हीही हे वाचताय म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी कुणा पोरीचे गाल फुटलेले दिसले तर तिला "थंडीनं उलले का गं?" एवढंच विचारा. "काळवंडलीस गं," असं म्हणू नका. त्या एका वाक्यानं पोरी कुठल्या दुकानात जातात, ते आपण आपल्या घरात पाहिलंय.